ॲ

वार्डोच्या बेटावर, किनारा-रेडिओच्या खोलीत
पहिला महिनाभर मला नुसता वारा ऐकू यायचा.
वाऱ्यात कुणीतरी बोलत असायचं,
ते गुनवोरला ऐकू यायचं.

कॉफीचा कप हातात तसाच ठेवून
ती दुसऱ्या हाताने लिहायची:
बोटीचं नाव, अंश, मिनिटं, माणसं किती, बिघडलंय काय.
मी हेडफोन कानांवर दाबून धरायचो,
दाबला की अर्थ ठिबकेल, असं वाटून.

भाषा माझीच होती.
पण आमच्या देशात साधा 'मी' सुद्धा एक नाही.
ऑस्लोत आम्ही 'याय' म्हणतो,
पश्चिमेकडचे 'एग',
मोल्देकडचा कुणी नुसताच 'इ',
आणि इथे वर, जिथे झाडं उगवायची विसरली,
तिथे 'ॲ'.
तोंड उघडलं, थंडी आत शिरायच्या आधी मिटलं,
एवढाच 'मी'.

"शब्द पकडायला धावू नकोस," गुनवोर म्हणाली,
"कॉड काय हाताने धरतात?
आधी माणूस बसू दे कानात.
पहिली दोन वाक्यं फुकट जाऊ दे.
धुकं किती, लाट कुठून, विचार काहीही.
उत्तराशी कर्तव्य नाही.
त्याचा 'आ' किती उघडतो, 'र' कुठे घासतो,
तेवढं बघून ठेव.
मग तो ओरडला तरी कळेल,
रडला तरी."

मग मी धुकं विचारत सुटलो.
कवळी घरीच ठेवून समुद्रावर जाणारा ओदमुन,
त्याचा प्रत्येक 'स' हवा गेलेल्या ट्यूबसारखा.
लिथुआनियाचा विदमंतास, शब्द चोख,
पण हेल असा की इंजिन बंद पडल्याचंही
तो आम्हालाच विचारतोय असं वाटावं.
आणि मासळीच्या कारखान्यातून
बोटी कधी लागणार म्हणून फोन करणारी पुनितवती,
जाफन्याची. तिचा 'ॲ' गुनवोरपेक्षाही लांब.
ती मात्र मला पहिल्याच दिवशी कळली.
बहुधा तिनेही हे शब्द
बाहेरून एकेक करून घरात आणले होते,
दोन शब्दांच्या मध्ये अजून जागा होती.

जूनमधली रात्र. सूर्य खिडकीतून हलायला तयार नाही.
सोळा नंबरवर एक आवाज,
जाड, फाटका, कधीच न ऐकलेला:
"ॲ..."
आणि पुढे खरखर.
"कोण बोलतंय?" मी दोनदा विचारलं.
गुनवोरने विणकाम मांडीवर ठेवलं. "सिग्वे," ती म्हणाली.

सिग्वे?
गेल्या उन्हाळ्यात बापाच्या बोटीवरून
चिवचिव करत देवमासा दिसल्याचं सांगायचा, तो?
"आवाज फुटलाय त्याचा.
'र' तोच आहे."

बापाचा हात विंचमध्ये अडकला होता.
पोरगं एकटं, शब्दावर शब्द पडत होते.
गुनवोरने माइक ओढून घेतला आणि विचारलं,
"सिग्वे, धुकं किती आहे रे तिथे?"

मला संताप आला. ही काय वेळ आहे?
पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग, "थोडं. पूर्वेला थोडं."
"आणि लाट?"
"लाट नाही."
मग तो सरळ बोलू लागला, अंश, मिनिटं, सगळं.

तिला त्याचा आवाज कानात बसवायचा नव्हता.
तो बसलेलाच होता.
तिचा त्याच्या कानात बसायचा होता.

दोन बोटं गेली, हात राहिला.
पहाटे (म्हणजे घड्याळातल्या पहाटे)
मी ऑस्लोला फोन लावला.
आईने उचलला. मी म्हणालो, "ॲ..."
आणि पुढचं सुचेना.

"कोण बोलतंय?" आईने विचारलं.

मी तिला विचारलं,
तिकडे धुकं आहे का म्हणून.