डबा परत येतो तेव्हा

रात्री दोनला हेल्मी बर्फ लोटायचा ट्रक घेऊन निघते.
मी बाराला उठतो.
या वयात झोप तशीही पाहुण्यासारखी,
बूट न काढताच बसते.

ओट्स तीन वाट्या. शेंगदाण्याचं लोणी एक,
जरा चेपून भरलेली.
दोन अंडी, सफरचंदाचा गर,
आणि ती प्रोटीनची पांढरी पूड, बादलीएवढ्या डब्यातली,
जिच्यावर एक माणूस दंड फुगवून उभा आहे.
डुलूथच्या जानेवारीत त्याला कुणी अंगावर सदरा द्यावा.

पहिल्या खेपेला पूड जास्त पडली.
वड्या कापायला गॅरेजमधून करवत आणली, खोटं नाही.
हेल्मी म्हणाली, बाबा, ट्रक रुतला
तर चाकाखाली घालीन एक.
आणि गेली घेऊन.
खाल्ल्या का घातल्या, मी विचारलं नाही.

दुसऱ्या खेपेला काळा घेवडा उकडून, वाटून घातला,
वडी ओलसर राहावी म्हणून.
ते तिला अजून सांगितलेलं नाही.

चव मात्र खडूचीच.
शाळेत असताना खडू खाल्लाय मी, मला कळते.
मग एक दिवस फडताळाच्या वरच्या खणात
लेम्पीची वेलदोड्यांची बरणी हाताला लागली.
रविवारच्या गोड पावासाठी कुटायची ती,
खलबत्त्याचा तो आवाज झाला की
शेजारचे नेल्सन कपबशीसकट यायचे.
झाकणावर तिच्या अक्षरात तारीख. सहा वर्षांपूर्वीची.
वास उडाला असेल म्हणून भीतभीत उघडली.
उडाला नव्हता.
त्या रात्री ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसलो
आणि वड्या करपल्या.

आता बारा पाडतो. पट्टी लावून.
तेहतीस वर्षं धक्क्यावर लोखंडाची माती
मोजून जहाजात ओतली आहे,
एक वडी दुसरीपेक्षा मोठी झाली तर हात अडतो.
सहा डब्यात, सहा उद्याला.

थंडीत वडीचा दगड होतो.
ती हीटरच्या जाळीवर ठेवते,
टेकडीचा उतार संपेस्तोवर मऊ पडते म्हणे.
गिअरच्या खाचेत ओट्स सापडतात,
मेकॅनिक कुरकुरतो.

सकाळी येते, बूट दाराशी, थेट झोपायला.
रात्र कशी गेली विचारलं की 'बरी' म्हणते.
तिची आईही तेच म्हणायची, हॉस्पिटलात, शेवटपर्यंत.
म्हणून मी विचारत नाही. डबा उघडतो.
चार उरल्या: नुसती भुरभुर.
दोन: सरोवरावरून वारा होता.
एकही नाही:
मग मी रेडिओ लावतच नाही,
उगाच भांडी घासत बसतो, घासलेलीच.

मागच्या मंगळवारी डब्यात अर्धी वडी आली.
दातांच्या खुणा तिच्या नव्हत्या.
हेल्मीचा पुढचा दात तिरका आहे,
सायकलवरून पडली होती तेव्हापासून.
या खुणा बारक्या, आणि मध्ये एक फट.

ती उठेपर्यंत थांबलो.
कॉफी ओतली, अर्धी वडी बशीत ठेवली.
'हायवेवर गाडी अडकली होती,' ती म्हणाली,
'आई, आणि मागे एक पोरगी, दात पडलेली.
मदत येईस्तोवर माझ्या केबिनमध्ये बसवलं दोघींना.
सगळा डबा संपवला. ही तेवढी पोरीनं परत दिली,
म्हणे ड्रायव्हरला पण भूक लागत असेल.'

कॉफीचा घोट घेतला तिनं.
'विचारत होती, यात वास कसला येतो.
वेलदोडा, मी म्हटलं.'
मग खिडकीबाहेर बघत,
'आणि घेवडा.'

काल रात्री चौदा पाडल्या.
चौदाचा हिशोब पट्टीवर बसत नाही,
दोन जरा लहानच झाल्या.
राहू दिल्या.