सव्वाबाराची चोपडा

फळ्यावर खडूने एवढंच होतं:
‘संगीत सुवर्णलेखा. उरलेले खेळ रद्द.
पैसे सकाळी दहा ते बारा परत मिळतील.’
अकरा ठरले होते. झाले चार.
माघातलं दव पडून ‘मिळतील’ अर्धं पुसलेलं.

लोटन देवरे आधी हसले,
मग चष्मा कपाळावर सरकवून नाक फळ्याला लावून वाचलं.
‘हाऊ काय कारभार शे?
मी सहावा खेळनं तिकीट काढेल शे.
जावई येणार व्हता धुयाथीन.’

चहावर कारणं निघाली.
कोठावदे म्हणाले, माइक. गालाला माइक चिकटवून कुणी पद म्हणतं का,
ती श्वास घेई आणि वाटे, कुणी पंखा लावला.
अमृतकर बाईंचं म्हणणं, राजपुत्राचं पोट.
कुणी म्हणालं थंडी, कुणी लग्नसराई,
निंबा म्हणाला मोबाईल,
आणि म्हणता म्हणता त्याचाच वाजला.
रशीदभाईंनी ऑर्गनच्या भात्याला नवं कातडं चढवलं होतं,
मजुरी अजून यायची होती.
ते बशीत चहा निववत बसले.

अमळनेरात साठ वर्षांनी उभं राहिलेलं नाटक.
माझ्या वडिलांनी ते बोरीच्या पात्रात, तंबूत पाहिलेलं;
दाढी करताना तिसऱ्या अंकातलं पद अर्धंच गुणगुणायचे,
पुढचं अर्धं मला यंदा कळलं.

मग व्यवस्थापक आला. मिरजेचा माणूस, डोळे तांबारलेले.
गल्ल्याची वही दाखवेल असं वाटलं.
त्याने काढलं एसटीचं वेळापत्रक,
घड्यांवर फाटून चार तुकडे झालेलं.
‘पारोळा बारा पाच. धरणगाव बारा दहा.
चोपडा सव्वाबारा, ती शेवटची.
माझा पडदा बाराला पडतो.
तुम्ही पदापदाला तीन तीन वन्स मोअर दिलेत.
पहिल्या रात्री दोन वाजून दहा मिनिटं झाली.
तिसरा अंक उघडला तेव्हा निम्मं थेटर स्टँडवर.
ते लोक गावोगाव सांगत सुटले:
गाणी झकास, पण या नाटकाला शेवटच नाही.’

आम्ही पहिल्या तीन रांगांतले.
आम्ही पायी घरी जाणारे,
वाटेत पानाच्या गादीवर तीच तान पुन्हा घोळवणारे.
मागे कोण उठतंय, कुणाच्या चपला वाजतायत,
कधी मान वळवून पाहिलं नाही.
दार करकरलं की उलट आम्हीच ‘शुक्’ करायचो.

कोठावदे म्हणाले, ‘मग आधी सांगायचं ना.’
‘सांगितलं होतं. चौथ्या खेळाला.’

हो. चौथ्या खेळाला मध्यंतरात
डोअरकीपर रांगेरांगेतून हात जोडत गेला होता,
आज वन्स मोअर नको, मालक, आज नको.
आम्हाला वाटलं, पोरीचा घसा बसलाय.
बार्शीची मुलगी, एकवीस-बावीसची,
खानदेशातलं पाणी नसेल मानवलं.
काळजीने गप्प बसलो.

तिसऱ्या अंकातलं ते पद. अख्खं.
शेवटचा सूर तिने धरला, हळूच खाली ठेवला,
आणि थांबली.
रोज थांबायची तिथेच, उजवा पाय किंचित पुढे,
नजर आमच्या रांगेवर.
ऑर्गनवाल्याचं बोट षड्जावरून उठेना.
लोटनरावांनी मफलरचं टोक दातांत धरलेलं.
अमृतकर बाईंनी पर्सचा बंद हाताला गुंडाळला,
सोडला, पुन्हा गुंडाळला.
थेटरात त्रेसष्ट माणसं, मी मोजली होती,
आणि खोकलासुद्धा नाही.

तिने एकदा ऑर्गनकडे पाहिलं.
मग परत आमच्याकडे.

शेवटी सेनापती घसा खाकरून पुढे आला
आणि म्हणाला, ‘महाराज,
घोडे तयार आहेत.’