शेरा

उपग्रहाच्या एका चौकोनात आर्णीकडची नऊ गावं.
काल रात्री सगळ्यांवर मिळून बेचाळीस मिलिमीटर,
असं तो म्हणतो. तो फक्त ढगांचे माथे बघतो,
किती गार, किती उंच, आणि खालचं ताडतो.
मी त्या ताडण्याला अधिक-उणे लावते. पगार त्याचाच.

मापक ग्रामपंचायतीमागे, तारेच्या कुंपणात.
उकंडा गेडाम, कोतवाल, सकाळी साडेआठला
काचेची नळी डोळ्यांसमोर धरतो, श्वास रोखून,
आणि वहीत लिहितो: एकोणीस.

"नाल्याच्या तिकडे लय झाला म्हन्तेत, मॅडम.
इकडे बैलाचं एक शिंग वलं, एक कोरडं."

वहीच्या शेवटच्या रकान्यात
तेरा वर्षांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर:
'बकरीनं धक्का दिला, दोनेक जास्त धरावे.'
'नरसाळ्यात कडुनिंबाची पानं.'
'मी साळ्याच्या लग्नाला. आकडा बायकोनं पाहिला, बरोबर असावा.'
खाली तालुक्याहून लाल शाईत:
अनावश्यक मजकूर लिहू नये.

हीच वही खरी धरून
आम्ही उपग्रहाच्या चुका काढतो.
तो रकाना कोणी टंकलाच नव्हता.

दुपारभर ओसरीवर बसून मी ते उतरवत गेले.
बकरीच्या धक्क्याचं वितरण कसं मांडायचं,
कुठल्याच पुस्तकात नाही.
उकंडानं चहा आणला. "मंग खरा किती पडला?"
मी बोटांनी हवेत एक अंतर दाखवलं,
चिमटीएवढं, मग जरा जास्त, मग पुन्हा कमी.
"हां," तो म्हणाला, "माहाबी तेवढाच अंदमास."