अर्धी पोकळ

विल्फ्रेड साळवी म्हणाले, घेऊन जा.
जमली तर पैसे, नाही तर परत.
रविवारच्या आत, एवढंच.
नाना पेठेतल्या त्यांच्या दुकानात
गिऱ्हाईक उभंच राहतं. स्टूल एकच,
त्यावर सरसाचा डबा.

मी विचारलं होतं, माझ्या हाताला शोभेल का?
ते म्हणाले, शोभायला ती काय पैठणी आहे?
वाजवून बघ.

वीस वर्षं भरीव लाकूड वाजवलं मी.
फळीसारखी गिटार, खांदा उतरवणारी,
आणि पायाखाली ते पेडल
ज्याच्या धुरात चुकलेलं बोट
कुणाला दिसत नाही.
ही अंगानं रुंद, उचलायला हलकी.
छातीवर दोन चिरा,
चिंचेच्या आकड्यासारख्या वळलेल्या.
मोबाइलचा उजेड आत टाकला
तर मधोमध एक ओंडका, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि दोन्ही बाजूंना रिकाम्या खोल्या.
बाबा म्हणायचे, बडा घर पोकळ वासा.
इथं उलट.
घर पोकळ, वासा भरीव.

पहिली रात्र, धायरी.
शर्वाणीची परीक्षा, भिंती पातळ, साडेअकरा.
वायर न जोडता वाजवली.
जुनी असती तर नुसती खरवडली असती,
पत्र्यावर कावळा चालावा तशी.
ही बोलली. बरगडीला टेकून, हळू,
शेजारच्या न्हाणीत कुणी
स्वतःपुरतं गुणगुणावं तसं.
शर्वाणी पाणी प्यायला उठली.
म्हणाली, आई, आज ऐकू येतंय तुझं.
तक्रार होती का, विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हडपसर, तालमीचा गाळा,
भिंतींना अंड्यांचे ट्रे.
होशंगनं ढोलावर काठी टाकली,
मी आवाज चारवर नेला
आणि पाचव्या तारेवर तिनं
असा हंबरडा फोडला
की गौतमीनं बास खाली ठेवून कान झाकले.
मग शिकले. स्पीकरकडे तोंड करायचं नाही,
भांडण झाल्यावर ताटावर बसतात तसं
थोडं तिरकं बसायचं, तळवा तारांवर ठेवून.
गप्प झाली.
पण आमचं ते धावतं गाणं लागलं, पेडल दाबलं,
तर घागरीत बोलल्यासारखं सगळं एकात एक.
होशंग म्हणाला, हे गाणं हिचं नाय.
रिक्षात बसल्यावर वाटलं,
माझं तरी कुठं राहिलंय?

वीजबिलाच्या पाठीवर दोन रकाने आखले.
डावीकडे: कोपर दुखतं. ओरडते.
बेचाळीस हजार.
धावतं गाणं सोडावं लागेल.
चुकलं की सगळ्यांना कळतं.
उजवीकडे बराच वेळ काही नाही.
मग लिहिलं, रात्र.
आणि बिल भरायची तारीख उलटून गेलेली दिसली.

रविवारी सकाळी स्कूटरवर, पाठीला तिची पिशवी,
स्वारगेटच्या सिग्नलला एका पोरानं विचारलं,
काकू, सतार आहे का?
मी हो म्हटलं, हिरवा पडला होता.

दुकानाचं शटर खाली.
समोरचा चहावाला म्हणाला, साळवी काका?
आज कुठले, चर्चमध्ये असतील, कॉयर असतो त्यांचा.
तेव्हा लक्षात आलं.
रविवारच्या आत, म्हणजे शनिवारी.
हे मला आत्ता कळलं,
की शनिवारी दुपारभर घरात पडून
कळत होतं?

पायरीवर बसले. पिशवीची चेन उघडली,
हवा लागावी म्हणून, दुसरं काही नाही.
चहा सांगितला.
समोरून पीएमटी गेली, रिकामी, खडखडत,
आणि मांडीवर,
माझा हात तिला लागलेला नसताना,
ती थोडी घुमली.