दुरुस्तीला आलेलं

बिटको चौकातून जेलरोडकडे वळलं की
रसवंतीला लागून माझी पेटी.
वृषाली गायधनी पहिल्यांदा आली तेव्हा
उजवा अंगठा बुटातून बाहेर डोकावत होता,
तळव्याचे दोन खिळे गायब.
"काका, उद्या सकाळी मॅच आहे."
उद्या सकाळी मॅच आहे असं सगळेच म्हणतात.
ही पळशाहून सायकल मारत आली होती,
बूट माझ्या हातात देऊन
तापल्या फुटपाथवर एकेक पाय उचलत उभी राहिली.

बुटाचा तळ खोटं बोलत नाही.
बाहेरची कड झिजलेली, टाच कोरी.
म्हणजे ही पोरगी टाच टेकवतच नाही,
रेषेलगत धावते, पार शेवटपर्यंत,
आणि तिथून चेंडू आत टाकते.
हे तिनं नंतर सांगितलं.
मी तोवर निम्मं शिवून झालो होतो.

दोन वर्षांनी पिशवीतून काढला
एक जाडजूड, बोटं नसलेला, थोराड पंजा.
"याचा जोड कुठाय?"
"याला जोड नसतो, काका. डाव्याचाच असतो."
चाळीस वर्षं जोडीनं काम केलेला माणूस मी,
उजवा-डावा, उजवा-डावा.
एकट्या वस्तूचे किती घ्यायचे, सुचेना.

तिनंच शिकवलं:
वादी कुठून आत, कुठून बाहेर,
शेवटची गाठ करंगळीच्या अंगाला.
बेसबॉलमध्ये ती बॅटवालीच्या मागे बसते
उकिडवी, खुरपायला बसावं तशी,
आणि दगडासारखा चेंडू तळहातात घेते.
एका खेळात चेंडूला हात लागला की शिट्टी,
दुसऱ्यात नाही लागला की शिव्या.
"गोंधळ होत नाही का गं?"
"होतो. पहिली पाच मिनिटं."

केरळच्या क्लबनं करार केला, एका मोसमाचा.
पुढच्या वर्षी बेसबॉलवाल्यांनी विमानानं नेलं, सहा आठवडे.
एकीकडचे पैसे उशिरा आले,
दुसरीकडचे अजून यायचेत.
गावातले तिच्या वडलांना म्हणायचे,
दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो, आवरा पोरीला.
वडील द्राक्षांच्या पॅकिंग शेडवर मुकादम,
दिवसभर ओरडून घरी गप्प बसणारे.
ते म्हणाले, एका दगडावर उभं राहून
दारणा कुणी ओलांडलीय, तेवढं दाखवा.

हे सांगताना ती खूप हसली.
मी नाही हसलो,
आरी बोटात गेली होती.

यंदा माघात दोन्ही निवडी एकाच तारखेला.
एक कोल्हापूरला, एक पार जालंधरला.
बूट आणि पंजा एकाच पिशवीत आणले.
विचारायचं ओठांवर आलं होतं,
पण शिवणाऱ्यानं माप विचारावं, वाट विचारू नये.
दोन्हींना मेणाचा दोरा, दुहेरी टाका.
तिनं बूट उचलले.
पंजा राहू द्या म्हणाली, येताना नेते.
पैसे मात्र दोन्हींचे दिले.

चैत्र गेला. वैशाख गेला.
तिनं सांगून ठेवल्याप्रमाणे
पंजात जुना चेंडू घालून सुतळीनं आवळून ठेवतो,
मधला खळगा मोडू नये म्हणून.
एरंडेल लावतो, पण बेतानं.
शाळेची पोरं थांबतात, केवढ्याला दिला?
मी म्हणतो, एकच आहे.
मग जातात.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
सुतळी सोडली, हात घातला.
आतलं चामडं घामानं काळं पडलेलं,
फक्त तर्जनीची जागा जवळजवळ नवी.
म्हणजे ते बोट ती बाहेर ठेवायची.
मीही ठेवलं.
रसवंतीतल्या पोराला म्हटलं,
फेक रे काहीतरी.

त्यानं लिंबू फेकलं.
आवाज केवढा झाला.