आठ चाळीसची भरती

मी विंगेत असते. विंग म्हणजे कोट अडकवायच्या खुंट्या
आणि त्यांच्यामागची दीड फूट जागा.
ओल्या लोकरीचा वास. मांडीवर संहिता, हातात टॉर्च,
काचेवर लाल जिलेटिन, उजेड दिसू नये म्हणून.
पोर्थ ग्विलानमध्ये दर तिसऱ्या वर्षी हे नाटक होतं,
चॅपेलच्या हॉलमध्ये.
नाटक पोर्थ ग्विलानचंच.
आमच्या एका मास्तरांनी लिहिलेलं, काव्यात,
कुणाला न विचारता.
नावं तेवढी बदललीत. कोण कुणाचं
हे दुधखुळं पोरही सांगेल.

नियम एकच: स्वतःचं सोंग स्वतः घ्यायचं नाही.
म्हणून हेफिन खाटकाचं पाप
पोस्टातली एल्युनेड करते, मिशा लावून, अगदी मनापासून,
आणि हेफिन पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो.
जरा जास्तच.

तिसऱ्या अंकात एक बाई खिडकीशी येते.
खाडीपलीकडच्या कुणाला तरी विचारते:
'त्या दिवशी आला का नाहीस?'
उत्तर लिहिलेलं नाही. मास्तरांनी कंसात फक्त
'शांतता' लिहिलंय. मग हार्मोनियम.

ती बाई म्हणजे तेगवेन.
तेगवेन स्वतः तेव्हा चहाच्या टेबलापाशी असते, पाठमोरी.
तिला नेमके त्याच वेळी चमचे मोजायचे असतात,
गेली चौतीस वर्षं.

इथेल पलीकडून येतो, सायकलवर,
भरतीला बुडणाऱ्या दगडी वाटेने.
त्या शनिवारी वाट आठ चाळीसला बुडणार होती.
भरती कधीही असो, तो मध्यंतरात उठतो:
टोपी, पँटच्या क्लिपा, निघाला.
तिसरा अंक त्याने कधी पाहिलेलाच नाही.

या वेळी तो उठला नाही.
भिंतीवर रविवारच्या स्तोत्रांचे आकडे तसेच लटकत होते,
त्यांच्यावर घड्याळ. आठ पंचवीस. आठ पस्तीस.
मी टॉर्च दोनदा विझवून लावला, उगाच.

'त्या दिवशी आला का नाहीस?'
पाळकांची सून म्हणाली, छान म्हणाली, जरा घाईत.
मी शांतता मोजायला लागले. नऊपर्यंत मोजते मी.
कोण थांबलंय आणि कोण विसरलंय,
प्रॉम्प्टरला एवढं कळलं की पुरे.
चारवर खुर्ची वाजली.

'चेन घसरली होती,' इथेल म्हणाला.
'म्हणजे, घसरलीच होती. पण बसवून झाल्यावरही
मी तिथेच उभा राहिलो. पाणी चढेपर्यंत.
मग म्हटलं, आता कसा जाणार.'

मी पान उलटलं. मागचं, पुढचं. कुठेच नव्हतं.
हार्मोनियमवाला माझ्याकडे बघतोय; मी काय सांगणार?
पाळकांची सून अशी उभी की तीच खिडकी वाटावी.
आणि चहाच्या टेबलाकडून:
'मी सँडविचं केली होती. अंड्याची.'

कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसले, तीसुद्धा, मुठीत चमचे,
आधी रागाने, मग रागाची आठवण राहीपर्यंत.
हार्मोनियम वाजायचा राहून गेला.

सकाळी सायकल तिच्या भिंतीला टेकलेली.
रात्री दहिवर गोठलं होतं, पण सीट कोरडी.
सीटवर कुणीतरी पिशवी चढवली होती,
हेफिनच्या दुकानाची.
गावात कुणी चकार शब्द काढला नाही.
इतकं न बोलणं
मी या गावात पहिल्यांदाच ऐकलं.

'शांतता' मी खोडली नाही.
शेजारी पेन्सिलीने लिहिलं: चेन. अंडी.
पुढच्या प्रयोगाला ही वाक्यं दुसऱ्याच कुणाला म्हणावी लागतील,
नियम म्हणजे नियम.
एल्युनेड आत्तापासून मागे लागलीय, इथेल मीच करणार,
मिशा आहेतच माझ्याकडे.
इथेलला मिशा नाहीत, मी म्हटलं.
आणि आधी
भरती कधी आहे ते बघू.