पाणरेषेखालचे

होडीचं नाव आणि नंबर घालायचे पैसे मिळतात.
पाणरेषेखाली काय काढलं, कोणी विचारत नाही,
तिथलं फक्त मासे वाचतात.
म्हणून निवतीच्या वाळूत उताणा पडून,
डब्यांच्या तळाशी उरलेल्या रंगात
मी माझे देव तिथेच काढायला घेतले.

पहिला उरल्या.
एक पाय टपालपेटीचा लाल, दुसरा गंजरोधक तपकिरी,
तोंड हिरवं, कारण त्या दिवशी हिरवाच उरला होता.
हातात शस्त्र नाही, डब्याचं झाकण आहे.
तो कुणावर कोपत नाही.
कोपायला सगळं अंग एका रंगाचं असावं लागतं.

मग गाठाय, जाळी विणणाऱ्या बायांची.
तिला सहा बोटं दिली, तोंड दिलं नाही:
दातांत कायम दोरा, बोलणार कधी?
नवस बोलायचा नाही, सुतळीला गाठ मारायची.
जमलं तर ती सोडवते.
नाही जमलं तर कापते.
(हिला भ्यायला हवं, हे मला रंग वाळल्यावर कळलं.)

फसकू उशिरा आला.
मासळी वाटून झाली होती, सुरमई ह्याला, बांगडा त्याला,
उरला होता फक्त वास.
तेवढाच घेऊन तो बाजारभर मालकासारखा हिंडतो
एका कानाच्या मांजरीवर बसून,
आणि पाहुण्यांच्या कपड्यांत शिरून
फुकटात पुण्यापर्यंत जाऊन येतो.

पण नुसते देव काढून पुराण होत नाही.
पुराणाला आधी एक भांडण लागतं,
आणि आमच्याकडे भांडण म्हणजे मेर.

तर समुद्र आणि जमीन, सख्खी भावंडं.
बाप मेला तेव्हा वाटणी तोंडीच झाली होती.
(बाप मी अजून काढलेला नाही,
एवढा निळा कधी उरत नाही.)
भाऊ म्हणतो, तू हक्क सोडलास.
बहीण म्हणते, कागद दाखव.
म्हणून तो दिवसातून दोनदा येतो,
माडापर्यंत साखळी टाकून मोजतो,
आकडा विसरतो, परत जातो.
कुर्ल्या साक्षीदार.
सरळ उत्तर द्यायचं नाही असं वकिलाने बजावलं
तेव्हापासून आडव्या चालतात.

जूनची बंदी लागली, होड्या वर ओढल्या,
आणि माझं सगळं गुपित गावासमोर उलटं पडलं.
कालवांनी माझ्यापेक्षा जास्त काम केलं होतं:
उरल्याला दाढी, फसकूला तिसरा डोळा,
मांजरीला नको तिथे कुबड.
पास्कोल हसला, म्हणाला, रंगाचे पैसे कापतो.
जयवंती खवणेकर पातं घेऊन बूड खरवडत होती.
गाठायपाशी थांबली. बोटं मोजली.
"सा नाय. सात होयी."
आणि सहाव्या बोटाशेजारचं एक कालव
तेवढं ठेवून पुढे सरकली.

दुसऱ्या दिवशी सुकाणूच्या खिळ्याला सुतळी होती.
तीन गाठी, ओल्या, घट्ट.
कुणाच्या, मी विचारलं नाही.
मला त्या सोडवता आल्या असत्या.
हात लावला नाही.

तिची धाकटी, शमिका, होडीच्या सावलीत
चार पोरांना दाव्याची गोष्ट सांगत होती,
आणि सगळी चुकवत होती.
कुर्ल्या वकील झाल्या होत्या.
बहिणीचं म्हणणं जरा जास्तच बरोबर होतं.
बाप तर मेलाच नव्हता,
मुंबईला होता, महिन्याला पैसे पाठवायचा,
गणपतीला येतो म्हणायचा.

असं नाही, असं सांगायला गेलो
तर दातांत ब्रश.
तो काढून हातात घेईपर्यंत
काय दुरुस्त करायचं होतं तेच निसटलं.
"मग पुढची तारीख कधी?" मी विचारलं.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.
"उद्या. सकाळी सव्वासातची भरती."